पाटीलकी गेली, पाटील पडद्यावर आला

आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याला लागलं की राजुरी येते आणि तिच्यापुढे बैलबाजारासाठी नावाजलेलं बेल्हे. जुन्नर तालुक्याच्या या पूर्वपट्ट्यात गावची यात्रा जवळ आली की पंचांची पहिली फेरी नारायणगावला होते. गुढीपाडव्याच्या आगेमागे तिथं तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या पडतात. पंच एकेका राहुटीत शिरतात, चहा होतो, तारखेवरून ओढाताण होते, बिदागीवरून रुसवे-फुगवे होतात आणि अखेर सुपारी दिली जाते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड आणि त्या घराण्यातल्या विठाबाई यांनी या गावाला तमाशाची पंढरी केलं. राजुरी काय, आळे काय, ओतूर काय, किंवा पलीकडे आंबेगावातलं मंचर आणि घोडेगाव काय, इथल्या चार पिढ्यांनी अभिनय पाहिला तो आधी मोकळ्या माळावर, गॅसबत्तीच्या उजेडात, ढोलकीच्या साथीनं.

या प्रेक्षकाला नाटकाची शाळा लागली नाही, ती वगानंच घेतली. गण, गवळण, बतावणी झाली की वग सुरू व्हायचा आणि त्यातला राजा म्हणजे आपला मामलेदार, प्रधान म्हणजे आपला कुलकर्णी, हे समोर बसलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नसे. सत्तेची टवाळी ऐकायची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. म्हणूनच १९६० नंतरच्या मराठी ग्रामीण चित्रपटात जेव्हा एक नवा पाटील अवतरला, तेव्हा या भागातल्या माणसानं त्याला पहिल्याच झटक्यात ओळखलं. तो पाटील म्हणजे निळू फुले.

त्यांच्याबद्दल बोलायचं तर ‘खलनायक’ हा शिक्का मारून लोक मोकळे होतात. पण त्यांच्या भूमिका सालवारीनं लावून पाहिल्या तर काही वेगळंच हाती लागतं. महाराष्ट्रातली सत्ता वाड्यातून निघून कुठे कुठे गेली, याचा सबंध प्रवास या एका नटाच्या चेहऱ्यावर नोंदला गेलेला आहे.

वतन गेलं तेव्हा

त्यासाठी आधी थोडा कायद्याचा इतिहास पाहावा लागेल. गावचा पाटील हा शतकानुशतकं वतनदार. सारा गोळा करायचा, तंटे तोडायचे, सरकार आणि रयत यांच्या मधोमध उभं राहायचं, हे त्याचं काम वंशपरंपरेनं चालत आलेलं. महाराष्ट्र राज्य झालं आणि १९६२च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं हे पदच रद्द झालं. त्याच वर्षी, १ मे १९६२ला, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. तलाठी हा सरकारी नोकर दप्तर सांभाळू लागला आणि गावात मान मिळवायचा तर निवडून यावं लागेल, अशी नवी रीत पडली.

दुसऱ्या बाजूनं सहकार वाढत होता. प्रवरानगरच्या साखर कारखान्याची नोंदणी १९४८ची. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून १९५०मध्ये तिथं साखर निघाली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली. या सहकारानं हजारो कुटुंबांचे संसार उभे केले, पोरं शिकवली, रस्ते आणले. त्याबरोबर चेअरमन नावाची एक नवी खुर्चीही आली. कारखाना, सोसायटी, बँक, शिक्षणसंस्था, बाजार समिती अशा सगळ्या नाड्या ज्याच्या हाती एकवटल्या, त्याच्यापुढे जुना वतनदार पाटील अगदीच किरकोळ वाटावा. ‘सहकारसम्राट’ हा शब्द याच काळात वर्तमानपत्रांत रुळला.

गंमत अशी की खऱ्या पाटलाची पाटीलकी कागदावरून पुसली गेली आणि त्यानंतरच पडद्यावरच्या पाटलाचे सुगीचे दिवस आले. प्रेक्षकांना जुन्या वतनदाराची एवढी आठवण यावी, असं काही नव्हतं. पाटलाच्या फेट्याआड त्यांना नवा चेअरमन, नवा सभापती, नवा सरपंच दिसत होता. वगातल्या राजाआड मामलेदार पाहणाऱ्यांना हे ओळखायला कितीसा वेळ लागणार?

माळी, सैनिक, सोंगाड्या

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म ४ एप्रिल १९३०चा, पुण्यातला. घर कष्टकऱ्यांचं. लोखंडी सामान आणि भाजी विकून चालणारं. तरुणपणी निळूभाऊ पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात बागेत माळी म्हणून लागले. पगार महिना ८० रुपये आणि त्यातले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला. मिळकतीचा आठवा हिस्सा चळवळीला देणारा हा माळी पुढे शेतकऱ्यांच्या जमिनी गिळणारा पाटील म्हणून नावारूपाला आला. नशिबाचे खेळ असे असतात.

सेवा दल १९४१मध्ये एस. एम. जोशींच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. शाखेवर कवायत व्हायची, गाणी व्हायची आणि जातपात, हुंडा, बुवाबाजी यांवर चर्चा झडायच्या. सेवा दलानं एक शहाणपणाची गोष्ट केली. भाषणं ऐकायला माणसं येत नाहीत, पण तमाशाला येतात, हे ओळखून त्यांनी कलापथक काढलं. वसंत बापटांसारखा कवी त्यात होता, पु. ल. देशपांड्यांनी त्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहून दिलं. तमाशाचा बाज तसाच ठेवायचा, त्यातला चावटपणा थोडा आवरता घ्यायचा आणि मजकूर आजचा घालायचा, अशी ही रीत. यालाच लोकनाट्य म्हणू लागले.

यामागे आणखी एक कारण होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या तक्रारीवरून तमाशावर निर्बंध घातले होते आणि वगांच्या संहिता तपासणीला जाऊ लागल्या होत्या. नारायणगावच्या फडांना याचा जाच झाला. शहरातल्या सुशिक्षित मंडळींना मात्र त्याच सुमारास तमाशाची गोडी लागली. एकाच कलेचे असे दोन संसार झाले. एक राहुटीतला, पोटासाठी रात्र जागवणारा. दुसरा थिएटरातला, टाळ्या आणि परीक्षणं मिळवणारा. लोकनाट्याचे नट पहिल्याकडून शिकले आणि दुसऱ्यात नाव कमावून गेले, हे कबूल करायला हवं. विठाबाईंना १९५७मध्ये आणि पुन्हा १९९०मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरी २००२मध्ये त्या गेल्या त्या हलाखीतच.

निळूभाऊ १९५७च्या निवडणुकीच्या धामधुमीत लोकांपुढे आले. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, समितीच्या प्रचाराला शाहीर आणि कलापथकं गावोगाव हिंडत होती. त्या वेळचं त्यांचं लोकनाट्य ‘येरागबाळ्याचे काम नोहे’. मग ‘पुढारी पाहिजे’मधला रोंगे त्यांनी केला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढाऱ्याच्या मागेपुढे करणारा, वाऱ्याची दिशा हेरणारा इरसाल माणूस कसा बोलतो, कसा वाकतो, कुठं गप्प बसतो, याचा अभ्यास तेव्हाच झाला होता. गावोगावच्या सभा हीच त्यांची तालीम. स्टेजवर कोण बसतं, कोणाला खुर्ची मिळते, हार घालून घेताना कोणाची मान किती खाली जाते, हे सेवा दलाचा कार्यकर्ता अगदी जवळून पाहत होता.

मग शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ आलं. सोबतीला राम नगरकर होते. तेही सेवा दलातलेच, हातावर पोट असलेल्या घरातले, पुढे ‘रामनगरी’ लिहून आपल्याच आयुष्याची टिंगल करणारे. या दोघांची जोडी जमली आणि वगनाट्याचे प्रयोग मोजता मोजता लोक थकले. सेवा दलाच्याच मुशीतून दादा कोंडके निघाले आणि १९६५च्या ‘विच्छा माझी पुरी करा’मुळे घराघरात पोचले. मराठी पडद्यावरचा सर्वांत भोळा सोंगाड्या आणि सर्वांत बेरकी पाटील हे दोघेही एकाच संघटनेच्या कलापथकातून यावेत, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. माणसं वाचायची सवय दोघांना तिथंच लागली.

झेले अण्णा ते हिंदूराव

तेव्हाचा मराठी चित्रपट तमाशाच्या बोर्डावरच उभा होता. १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’नं वाट दाखवली. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’नं तिचा हमरस्ता केला. अनंत मान्यांचा हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. त्यानंतर तमाशापटांची रीघच लागली आणि त्याबरोबर ठरावीक साच्याच्या भूमिकाही पक्क्या झाल्या. तमासगिरीण, मावशी, नाच्या, सोंगाड्या, भोळा मास्तर आणि पाटील.

या साच्यांनी चरित्रनट घडवले आणि त्यांतल्या काहींना जन्माचे जखडूनही टाकलं. कोल्हापूरच्या गणपत पाटलांचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. रामायणाच्या खेळात सीता करणाऱ्या या गरीब पोरानं पुढे पडद्यावर नाच्या रंगवला आणि इतका अस्सल रंगवला की त्यांना दुसरं काही करायला कुणी बोलावलंच नाही. संसारी, लेकुरवाळ्या या माणसाला बाहेरच्या जगात टवाळी सोसावी लागली, तिची झळ घरच्यांपर्यंत गेली. २००८च्या मार्चमध्ये ते गेले. ‘रंगनाच्या’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचावं म्हणजे साच्याची किंमत कळते.

निळूभाऊंचा पडद्यावरचा प्रवेशही याच साच्यातून झाला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ गाजत असतानाच अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मध्ये त्यांना झेले अण्णाची भूमिका मिळाली. साल १९६८. कथा शंकर पाटलांचीच. झेले अण्णा हा गावातला कारस्थानी गडी. स्वतः पुढं न येता आग लावायची आणि मग विझवायलाही आपणच धावायचं. जिल्हा परिषदा येऊन सहा वर्षं झाली होती. गावागावांत दोन पार्ट्या पडल्या होत्या, पॅनेल हा शब्द चावडीवर आला होता. झेले अण्णा प्रत्येक गावात एक तरी होताच. लोकांनी पडद्याकडे बोट दाखवून आपापल्या गावच्या माणसाचं नाव घेतलं.

मग कामाचा धडाका सुरू झाला. ‘सोंगाड्या’ १९७१चा, ‘पिंजरा’ १९७२चा. त्याच १९७२मध्ये रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग आणि सखाराम निळू फुले. नवऱ्यानं टाकलेल्या बायांना आसरा देणारा, बदल्यात त्यांच्यावर आपले नियम लादणारा, शिवराळ आणि तरी स्वतःशी खरा असा हा बुकबाइंडर. नाटकावर बंदी आली, सारंग कोर्टात गेले, नाटक सुटलं. पांढरपेशा प्रेक्षकांना यात पहिल्यांदा कळलं की वगनाट्यातला हा विनोदी नट माणसाच्या आतला काळोखही तेवढ्याच सहजतेनं उघडा करू शकतो.

आणि १९७५ला ‘सामना’ आला. निर्माते रामदास फुटाणे, दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक तेंडुलकर. साखर कारखान्याच्या आधारावर सगळा मुलूख मुठीत ठेवणारा हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले. त्याच्या गावात एक दारुडा म्हातारा येऊन पडतो, एके काळचा स्वातंत्र्यसैनिक असलेला मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मास्तरला एकच गोष्ट सतावते. गावातला मारुती कांबळे नावाचा माजी सैनिक गेला कुठे? तो हा प्रश्न विचारत सुटतो आणि हिंदूरावाच्या साम्राज्याला तडा जातो. बर्लिनच्या १९७५च्या महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता.

हिंदूराव नीट पाहण्यासारखा आहे. हा माणूस क्वचितच आवाज चढवतो. उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो, डोळे बारीक करून समोरच्याचा अंदाज घेतो, मग वाक्य हळू सोडतो आणि शेवटचं अक्षर जरा ओढून धरतो. हसू आलंच तर ओठांच्या एका कोपऱ्यात येतं आणि तिथंच विरतं. ओरडायची त्याला गरज नाही, कारण त्याच्या वतीनं ओरडणारी माणसं बाहेर ओसरीवर बसलेली आहेत. मास्तरला तो घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, त्याच्याशी गप्पा मारतो. या पाहुणचारात भीती आहे तशी खरी आपुलकीही आहे. आपण उभं केलेलं वैभव एका जाणत्या माणसानं पाहावं आणि वाहवा करावी, ही त्याची हौस लपत नाही. तमाशातला नट दूरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून आवाज चढवतो. निळूभाऊंनी कॅमेऱ्यासमोर तोच आवाज उतरवला आणि थिएटरातला शेवटच्या रांगेतला माणूसही पुढे सरसावून ऐकू लागला.

समोर लागू होते, ही गोष्ट महत्त्वाची. एक कान-नाक-घशाचा डॉक्टर, शिस्तीचा, अभ्यासू रंगकर्मी. दुसरा माळीकाम करून वगनाट्यातून आलेला. एक बुद्धीनं भूमिका पोखरत जाणारा, दुसरा पाहिलेल्या माणसांच्या साठ्यातून भूमिका उचलणारा. दोघांचा जोर सारखाच लागला. ‘सामना’ची ताकद त्या बरोबरीत आहे.

मुंबईची वाट

यानंतरच्या निळूभाऊंच्या भूमिकांकडे पाहिलं की सत्तेची चाल कळते. झेले अण्णा चावडीवर होता. हिंदूराव कारखान्यावर आला. १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये गोष्ट थेट मंत्रालयात गेली. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवर तेंडुलकरांनी पटकथा रचली, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांना शह देणारे अर्थमंत्री श्रीराम लागू आणि हे सगळं उघड्या डोळ्यांनी पाहणारा वार्ताहर दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. आजवर सत्ता गाजवलेला नट इथं सत्तेचा साक्षीदार झाला. गबाळा, थकलेला, खिशात पेन आणि डोक्यात सगळ्यांची गुपितं. कोण कुणाला विकलं गेलं हे त्याला ठाऊक आहे आणि लिहून काही होणार नाही, हेही ठाऊक आहे. शेवटी सत्तेची सोंगटी जिथल्या तिथे बसलेली पाहून तो वेड्यासारखा हसत सुटतो. मराठी चित्रपटात राजकारणावर याहून कडवट भाष्य क्वचितच झालं असेल आणि ते एका हसण्यातून झालं.

१९८४ला महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मध्ये हाच प्रवास मुंबईच्या शिवाजी पार्कात पोचला. निवृत्त शिक्षक प्रधान आणि त्यांची पत्नी यांच्या घरात राहणाऱ्या मुलीवर दबाव आणणारा राजकारणी गजानन चित्रे म्हणजे निळू फुले. फेटा नाही, वाडा नाही, कारखाना नाही. तरी बोलणं तेच, थांबणं तेच. हिंदी प्रेक्षकांना प्रधान रंगवणारे अनुपम खेर आठवतात आणि ते साहजिकच आहे. पण त्या म्हाताऱ्याच्या लढाईला धार येते ती समोरच्या माणसाच्या शांतपणामुळे. ‘कुली’, ‘मशाल’, ‘वो सात दिन’ असे बरेच हिंदी चित्रपट निळूभाऊंनी केले. पण हिंदीत त्यांच्यातल्या नटाला ‘सारांश’एवढा वाव क्वचितच मिळाला.

साच्याबाहेरची कामंही त्यांनी केली. १९७७च्या ‘जैत रे जैत’मध्ये ते ठाकरवाडीतल्या नाग्याचे वडील आहेत. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेला, भीमाशंकर-नाणेघाटाच्या अंगाला ठाकर आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. तिथल्या माणसाला हा म्हातारा परका वाटणार नाही. ‘हात लावीन तिथे सोने’, ‘सामना’, ‘चोरीचा मामला’ यांसाठी त्यांना राज्य पुरस्कार मिळाले आणि १९९१मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान झाला.

तरीही गावाकडच्या थिएटरात आणि यात्रेतल्या तंबूत निळू फुले म्हणजे पाटीलच. सिनेमा सुटल्यावर बायका त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या, समोर दिसले तर शिव्या द्यायच्या. ही आपल्या कामाची पावती आहे, असं निळूभाऊ म्हणत. मिमिक्री करणाऱ्यांनी ‘बाई, वाड्यावर या’ एवढं एकच वाक्य उचललं आणि आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा पोरगा घोगरा आवाज काढून ते म्हणतो तेव्हा हशा होतो. नटाला यापेक्षा मोठी लोकप्रियता मिळत नाही आणि यापेक्षा मोठा अन्यायही होत नाही. ज्या सत्तेच्या माजाची त्यांनी टर उडवली, तिच्या बाहेरख्यालीपणावरच लोक हसत राहिले. तिच्या मुळाशी असलेला कारखाना, कर्ज आणि मतपेटी मागे पडली.

पडद्याबाहेर

पडद्यावर लुबाडणाऱ्या या माणसानं खऱ्या आयुष्यात काय केलं, हे नोंदवल्याशिवाय त्यांची गोष्ट पुरी होत नाही. डॉ. लागू, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्याबरोबर निळूभाऊ सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात उतरले. चळवळींसाठी घरदार सोडून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावं, यासाठी पैसा उभा करायचा होता. त्याकरता आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव झाले आणि मोठमोठ्या नटांनी त्यांत काम केलं. निवडणुकीत समितीसाठी वग करणारा कार्यकर्ता तीस वर्षांनी पुन्हा त्याच पद्धतीनं गावोगाव हिंडत होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामालाही त्यांनी आपलं नाव आणि वेळ दिला. ज्या चेहऱ्याला बायका शिव्या देत होत्या, तोच चेहरा व्यासपीठावर येऊन हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध बोलायचा आणि लोक ऐकून घ्यायचे. पैसा आणि प्रसिद्धी आल्यावर संघटना विसरणारे खूप. महिन्याच्या ८० रुपयांतले १० देणाऱ्या माळ्यानं ती विसरली नाही.

शेतकऱ्यांच्या होरपळीवरचा ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. साल २००९. त्याच वर्षी १३ जुलैला अन्ननलिकेच्या कर्करोगानं पुण्यात त्यांचं निधन झालं.

आता पुन्हा राजुरीच्या पट्ट्याकडे पाहू. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज आणि आंबेगावातलं डिंभे भरलं. कोरडवाहू शिवारात ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्ष आली. पाण्याबरोबर पैसा आला, पैशाबरोबर संस्था आणि संस्थांबरोबर निवडणुका. हा सगळा बदल ज्या काळात राज्यभर घडत होता, त्याच काळात निळू फुले झेले अण्णापासून गजानन चित्रेपर्यंत पोचले. इतिहासकार या काळासाठी गॅझेटियर, जनगणना आणि विधिमंडळाची कामकाजपत्रं धुंडाळतात. त्यांनी या भूमिकाही पाहाव्यात. सहकाराची आकडेवारी अहवालात मिळते. चेअरमन पाहुण्याला जेवायला बसवताना कसा हसतो, ते मात्र फक्त ‘सामना’त मिळतं.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात नायक-नायिकांच्या नावानं पानं भरतात आणि चरित्रनटांच्या वाट्याला तळटीप येते. गणपत पाटलांना ती आली, राम नगरकरांना ती आली. निळू फुल्यांच्या वाट्याला एक मिमिक्रीचं वाक्य आलं. हे दुरुस्त करणं आपल्या हाती आहे. यात्रा कमिट्या दरवर्षी तमाशाची सुपारी देतात, त्यावर चांगला पैसा खर्च होतो आणि तो व्हायलाच हवा, कारण त्या कलेवर कुटुंबं जगतात. पण त्याच यात्रेत एक रात्र पडदा लावून ‘सामना’ दाखवावा. तीन-चार तासांचा भाडेखर्च काही फार नाही. नव्या पिढीतल्या ज्यांनी पहिल्यांदा मतदान केलंय, त्यांना पुढं बसवावं. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न आपापल्या गावात विचारायला त्यांना पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरइतकं धाडस लागेल आणि समोरचा हिंदूराव ओळखायला निळू फुल्यांइतका चांगला शिक्षक दुसरा मिळणार नाही.